विष्णुपंत दामले : न वाटलेले श्रेय

अलोरे हे चिपळूण तालुक्यातील गाव कोयना प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झाले. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात उतरते, पोफळीच्या भूगर्भातील वीजगृहात त्याची वीज होते आणि पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडून तेच पाणी पुन्हा एकदा वीज देते. या प्रचंड कामासाठी नाना गावांहून आलेली माणसे अलोरे येथील वसाहतीत शेजारी झाली. त्या वसाहतीत गणेशोत्सवाच्या दिवसांत दोन बांबूंना पांढरे कापड ताणून चित्रपट दाखवीत असत. तेथेच प्रस्तुत लेखकाने शाळकरी वयात ‘संत तुकाराम’ प्रथम पाहिला. चित्रपट संपल्यावर आम्हा मुलांत वाद झाला तो तुकोबांच्या वैकुंठगमनाविषयी नव्हता. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर दोन नावे आली होती, एक दामले आणि दुसरे फत्तेलाल. यांतला खरा दिग्दर्शक कोणता, असा आमचा प्रश्न होता. चित्रकलेच्या गुरुजींकडे तो नेला, तेव्हा त्यांनी हसून आम्हालाच विचारले की, वीजगृहातील विजेपैकी पाण्याची किती आणि यंत्राची किती, हे तुमच्या वडिलांना सांगता येईल काय?

उत्तर त्या वेळी पटले नाही. दोन नावे आहेत तर दोन वाटे असलेच पाहिजेत, असे शाळेने आम्हाला शिकविले होते. परीक्षेत उत्तरपत्रिका प्रत्येकाची वेगळी असते आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे हा गुन्हा असतो. पुढे नोकरीतही गोपनीय अहवाल एकट्याचाच लिहिला जातो. अशा रीतीने वाढलेल्या आपल्या मनाला, दोन माणसांनी सुमारे तीस वर्षे एकत्र काम करावे आणि त्यातले आपले म्हणून काही वेगळे काढून घेऊ नये, ही गोष्ट अविश्वसनीय वाटते. विष्णुपंत गोविंद दामले यांचे चरित्र म्हणूनच पुन्हा पाहण्यासारखे आहे. ते चित्रकार होते, छायालेखक होते, ध्वनिमुद्रक होते, यंत्रांचे जाणकार होते आणि दिग्दर्शकही होते. परंतु यांपैकी कोणतीही एक भूमिका सांगताना शेजारी शेख फत्तेलाल यांचे नाव घेतल्यावाचून वाक्य पुरे होत नाही.

पडद्याच्या पाठशाळेत

दामले यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. गणेशमूर्तींसाठी आज सर्वत्र ओळखले जाणारे हे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होते. तरुण वयात ते कोल्हापुरास गेले. शाहू महाराजांच्या त्या कोल्हापुरात संगीत, नाटक, चित्रकला आणि मल्लविद्या यांना आश्रय होता. तेथे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतबंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. ‘पेंटर’ हे बिरुद त्यांच्या नावाला असे चिकटले की, पुढे तेच आडनाव झाले. या बंधूंच्या हाताखाली दामले पडदे रंगवावयास शिकले. फत्तेलालही त्याच कारखान्यात होते. त्यांचा जन्म १८८६ साली कागल येथला. म्हणजे ते दामल्यांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांच्या नावाशी जोडलेला मिस्त्री हा शब्दच कारागिरीच्या वारशाची साक्ष देतो.

नाटकाचा पडदा रंगविणे ही आज जवळजवळ लुप्त झालेली विद्या आहे. राजवाडा, राजरस्ता, उपवन, अरण्य असे ठरलेले देखावे असत. रंगाची पूड सरसात कालवून ती वीसपंचवीस फूट रुंदीच्या कापडावर चढवावयाची, जवळून पाहता ओबडधोबड वाटणारा फटकारा शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला खांब किंवा कमान वाटला पाहिजे, आणि सपाट कापडावर लांबच लांब रस्ता दूर गेलेला दिसला पाहिजे. हे काम एकट्याचे नसे. एकाने आखलेल्या रेषेवर दुसऱ्याने रंग भरावा, तिसऱ्याने सावली द्यावी, आणि शेवटी कोणाचा हात कोठे फिरला हे ओळखू येऊ नये, यातच कारखान्याची प्रतिष्ठा होती. दामले आणि फत्तेलाल यांची जोडी जमली ती या शिस्तीत. पुढच्या आयुष्यात त्यांनी श्रेयाची वाटणी केली नाही, याचे मूळ त्यांच्या उदार स्वभावाइतकेच या पाठशाळेतही शोधले पाहिजे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि कोल्हापूरच्या या बंधूंना हलत्या चित्रांचे वेड लागले. पडदा तोच, परंतु त्यावरचा देखावा चालू लागणार होता. दुर्दैवाने १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा कॅमेरा आपणच बनवावयाचा असे त्यांनी ठरविले. सुटे भाग ओतून, कानशीने घासून, जुळवून पुन्हा उलगडण्याच्या या उद्योगात त्यांचा मुख्य सहकारी होता तो विष्णुपंत दामले. कुंचला धरणाऱ्या या तरुणाचा हात यंत्रावरही तितकाच चालतो, हे येथे प्रथम दिसून आले. त्या कॅमेऱ्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ चित्रित झाला आणि १९२० साली पुण्यात तो प्रदर्शित झाला.

ज्यांना तांत्रिक शाळांची आणि पदविकांची सवय आहे, त्यांना ही कथा चमत्कारिक वाटेल. परंतु तीत चमत्कार नाही. दामल्यांनी यंत्र समजून घेतले ते ते उलगडून. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चुकलेला भाग पुन्हा करण्याचा धीर होता, आणि तो धीर टिकावा अशी माणसे भोवती होती. एकट्या माणसाचे कुतूहल चौथ्या अपयशाला थकते. शेजारी दुसरा असला म्हणजे पाचवा प्रयत्न होतो.

रंगाकडून प्रकाशाकडे

महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले आणि फत्तेलाल यांनी छायालेखनापासून नेपथ्यापर्यंत पडेल ते काम केले. मूकपटांच्या त्या काळातील फीत तांबडा रंग पाहू शकत नसे, तो तिला काळा दिसे. निळे आकाश मात्र पांढरे फटक येई. पडदे रंगविताना ज्या रंगांनी प्रेक्षकांना भुरळ घातली होती, ते रंग येथे कुचकामी ठरले. चित्रकाराला आपली रंगविद्या विसरून काळ्या-पांढऱ्याच्या पायऱ्यांत विचार करणे शिकावे लागले. आपण रंगविलेल्या भिंतीचे फितीवर काय होते, हे छायालेखकाने सांगावयाचे आणि त्यावर नेपथ्यकाराने भिंत पुन्हा रंगवावयाची. एकाला दुसऱ्याचे काम अंतर्बाह्य ठाऊक असल्यावाचून ते साधणारे नव्हते. १९२८ साली ‘महारथी कर्ण’ या मूकपटाचे दिग्दर्शन दोघांनी मिळून केले. जोडनावाचा आरंभ तेथे झाला.

पुढच्याच वर्षी एक क्लेशकारक प्रसंग आला. बाबूराव पेंटरांची काही प्रमुख शिष्यमंडळी कंपनी सोडून बाहेर पडली आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवल पुरविणारे सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. ज्या गुरूने पडद्याचे आणि कॅमेऱ्याचे शिक्षण दिले, त्याला सोडून जाणे सुखाचे असणार नाही. प्रभातच्या यशाच्या कथा सांगताना या गुरूचे ऋण फार थोडे आठवले जाते. बाबूरावांच्या कारखान्यावाचून प्रभात नव्हती, ही गोष्ट दामल्यांच्या चरित्राच्या प्रत्येक पानावर लिहिलेली आहे.

१९३२ च्या प्रारंभी ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटाने मराठी चित्रपटाला वाचा फुटली. दिग्दर्शन शांतारामांचे होते, नेपथ्य फत्तेलाल यांचे आणि ध्वनिमुद्रण दामल्यांचे. चाळिशीस आलेल्या चित्रकाराने आता आवाजाची विद्या हस्तगत केली होती. ती सोपी नव्हती. पार्श्वगायनाची सोय रूढ व्हावयाची होती. दुर्गाबाई खोटे किंवा गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर उभे राहून गात, आणि साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून वाजवीत. गायकाने मान वळविली की आवाज दुरावे, कॅमेऱ्याची घरघर मात्र न वळता ऐकू येई.

शिवाय त्या काळी आवाज फितीवर उमटे तो प्रकाशाच्या रूपाने. ध्वनीच्या कंपनाप्रमाणे कमीअधिक होणारा प्रकाश फितीच्या कडेला एका अरुंद पट्टीत मुद्रित होई, आणि फीत धुण्याच्या द्रावणात थोडी चूक झाली की गाणे घोगरे होऊन जाई. म्हणून चांगल्या ध्वनिमुद्रकाला कान असून भागत नसे. त्याला प्रकाश कळावा लागे, रसायन कळावे लागे आणि यंत्र तर कळावेच लागे. पडदा रंगविणारा, कॅमेरा घडविणारा, फीत धुणारा असा जो प्रवास दामल्यांनी केला होता, तो येथे सार्थकी लागला. एका कलेतून दुसऱ्या कलेत त्यांनी मारलेल्या या उड्या वरवर पाहता अनेक वाटतात. वस्तुतः पडद्यावर प्रकाशाने चित्र उमटविणे या एकाच कामाच्या त्या पायऱ्या होत.

१९३३ साली प्रभात पुण्यास आली. तेथील विस्तीर्ण कलागृहात कलावंत मासिक पगारावर काम करीत. आपली भूमिका नसेल त्या दिवशी दुसऱ्या कामाला हात लावण्यात कमीपणा मानला जात नसे. या कुटुंबात दामले हे दामलेमामा होते आणि फत्तेलाल हे साहेबमामा. दोघांनाही लोकांनी मामाच केले, हे अर्थपूर्ण आहे. वडिलांचा धाक आणि काकांचा वाटा असतो, मामाकडे मात्र हक्काने जाता येते, ही आपल्या घरांतली समजूत या नावांमागे असावी.

देहूचे दिवस

‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’, ‘अमर ज्योती’ अशा चित्रपटांनी शांतारामांचे नाव देशभर झाले. त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दामले आणि फत्तेलाल या वर्षांत ध्वनी आणि नेपथ्य सांभाळीत मागे राहिले. ‘संत तुकाराम’ जेव्हा त्यांच्या दिग्दर्शनाखाली पूर्ण झाला, तेव्हा दामले चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि फत्तेलाल पन्नाशीचे. बोलपटाचे दिग्दर्शक म्हणून हे त्यांचे पहिलेच पाऊल होते.

१९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो प्रदर्शित झाला आणि सत्तावन्न आठवडे चालला. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. परकीय महोत्सवात असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. ही कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते यश कशाने आले, याचा विचार क्वचित होतो.

कथा शिवराम वाशीकरांची होती आणि संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांना मिळाली. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी ते प्रसिद्ध होते. जिजाईचे काम केले ते गौरी यांनी. नायिकेच्या रूढ कल्पनेत न बसणारी ही बाई प्रभातमध्ये तोवर बारीकसारीक कामे करीत होती. चित्रपटातील एक गीत शांताराम आठवले यांनी अशा काही तन्मयतेने रचले की, आजही अनेक भाविक ते तुकोबांचाच अभंग समजतात. श्रेय पुसले जाण्याचा हा अजब प्रकार. कवीला त्याचे दुःख व्हावे की अभिमान वाटावा, हे ठरविणे कठीण आहे.

दिग्दर्शकद्वयाचे कर्तृत्व हे की, या सर्वांना त्यांनी एका घरात नांदविले. चित्रपटात चमत्कार आहेत. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या वर येतात, आणि अखेरीस विमान येऊन तुकोबांना वैकुंठी नेते. बुद्धिवादी वाचकाचा येथे आक्षेप असतो आणि तो गैर नाही. परंतु या चमत्कारांच्या शेजारी दिग्दर्शकांनी काय ठेवले आहे, तेही पाहिले पाहिजे. घरात दाणा नाही म्हणून कावलेली जिजाई आहे. तिची म्हैस आहे, आजारी मूल आहे, आणि त्या मुलासाठी देवळात शिरून पायातली वहाण हाती घेऊन पांडुरंगाला जाब विचारणारा तिचा संताप आहे. शेवटी पती वैकुंठाला निघतो, तेव्हाही ती मुलांच्या जेवणाची चिंता करीत मागे राहते. चमत्कार आकाशात घडतात आणि चूल जमिनीवर राहते. या दोन्हींना सारख्याच आदराने वागविणारी दृष्टी या चित्रपटाला लाभली आहे, आणि म्हणून श्रद्धाळू व अश्रद्ध असे दोन्ही प्रेक्षक त्यात आपापले घर पाहतात.

यांतली जिजाई कोणाची आणि विमान कोणाचे? यंत्राचे जाणकार दामले म्हणून विमान त्यांचे, नेपथ्यकार फत्तेलाल म्हणून घर त्यांचे, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. ती वाटणी टिकत नाही. दामले मुळात पडदे रंगविणारे होते, आणि फत्तेलाल यांनाही कॅमेऱ्याचा सराव होता. दोघांच्या विद्या इतक्या एकमेकींत मिसळल्या होत्या की, वाटणीची रेघ कोठे ओढावी हे बाहेरच्याला कळणे शक्य नव्हते. गुरुजींच्या उत्तराचा अर्थ येथे लागतो.

फत्तेलाल मुसलमान होते आणि वारकऱ्यांच्या हृदयातला तुकाराम पडद्यावर आणण्यात त्यांचा निम्मा हात होता, याचा उल्लेख हल्ली ऐक्याचे उदाहरण म्हणून केला जातो. उदाहरण खरे आहे. तथापि त्या दोघांनी ते उदाहरण घालून देण्यासाठी म्हणून काही केले नाही, हे विसरता कामा नये. कोल्हापूरच्या कारखान्यात सरस उकळताना आणि कॅमेऱ्याचे दाते घासताना ते एकत्र आले. एकाला दुसऱ्याच्या हाताचा भरवसा वाटला, आणि मग तीस वर्षे तो भरवसा कमी करावा असे काही घडले नाही. आपल्या व्यासपीठांवरील ऐक्य भाषणाबरोबर संपते, कारण त्याला करावयाचे काही काम नसते. या दोघांना रोज सकाळी काम होते.

सोबत आणि ताटातूट

‘गोपालकृष्ण’ १९३८ साली आला. राम मराठे यांचा कृष्ण आणि शांता आपटे यांची राधा लोकांना आवडली. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये शाहू मोडक ज्ञानेश्वर झाले. भिंत चालविण्याचे आणि रेड्यामुखी वेद वदविण्याचे प्रसंग त्या काळच्या साधनांनी इतके प्रत्ययकारी उतरले की, प्रेक्षक चकित झाले. १९४१ साली ‘संत सखू’ आला. त्यात हंसा वाडकर सखू होत्या आणि दिग्दर्शनात राजा नेने यांचीही साथ होती.

एव्हाना प्रभातची एकजूट विसकटू लागली होती. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ साली शांतारामही कंपनी सोडून मुंबईस गेले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. ज्या पाच जणांनी १९२९ साली हातात हात घातला होता, त्यांच्या वाटा तेरा वर्षांत वेगळ्या झाल्या. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. जेथे प्रतिभा मोठी असते तेथे स्वतंत्र होण्याची ओढही मोठी असते. इतके मात्र म्हणावेसे वाटते की, त्या फुटाफुटीतही दामले आणि फत्तेलाल ही जोडी फुटली नाही. ती फुटली ती १९४५ साली, विष्णुपंतांच्या मृत्यूने. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षेही पुरे नव्हते.

फत्तेलाल त्यानंतर एकोणीस वर्षे जगले. १९५५ साली ‘जगद्गुरु शंकराचार्य’ आणि १९५६ साली ‘अयोध्यापति’ हे चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. कारागिरी तीच होती, परंतु पूर्वीच्या चित्रपटांनी लोकांच्या मनात जे घर केले, ते या चित्रपटांना करता आले नाही. १९६४ साली साहेबमामाही गेले. शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीतील जयकिशन १९७१ साली वारल्यावर शंकर यांनी जोडनावानेच संगीत देणे चालू ठेवले, परंतु जुने दिवस परतले नाहीत. इंग्लंडात मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या चित्रपटकारांनी लेखन, निर्मिती व दिग्दर्शन यांचे श्रेय एकत्र घेण्याची प्रथा पाडली, तीही १९५७ च्या सुमारास संपली. सर्व जोड्यांना अंत असतो. परंतु जोडीतील एक हात गळाल्यावर दुसऱ्याचा वेग मंदावतो, तेव्हा कोणाचे किती या प्रश्नातली निरर्थकता आपोआप उघड होते. निम्मे उणे झाले तर निम्मे उरावे, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

आपल्या हिशेबातली चूक

इतिहासाने दामल्यांना अन्यायाने वागविले काय? काही अंशी होय. चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शकांच्या नावांनी लिहिला जातो, आणि त्यातही जोडनावे त्याला अडचणीची वाटतात. एका नावाचा पुतळा उभा करता येतो, दोन नावांचा करताना शिल्पकार गोंधळतो. ध्वनिमुद्रक, नेपथ्यकार, फीत धुणारा यांची नावे तर प्रेक्षक आसनावरून उठत असताना पडद्यावरून सरकून जातात. अलीकडच्या काळात दामल्यांवर अनुबोधपट निघाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला, ही समाधानाची गोष्ट होय. पण तेवढ्याने कर्तव्य संपले असे मानता येणार नाही. २००३ साली पुण्यात चित्रफितींच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातकालीन ज्वालाग्राही नायट्रेट फिती मोठ्या प्रमाणावर जळाल्या. चित्रपटांच्या नकला उरल्या म्हणून आपण वाचलो. ज्यांनी फीत धुण्याच्या द्रावणाचीसुद्धा काळजी वाहिली, त्यांच्या मूळ फिती सांभाळणे आपल्याला जमले नाही.

प्रभातचे कलागृह मात्र ज्ञानाच्या कामी आले. प्रभात बंद पडल्यावर १९६० साली त्याच आवारात केंद्र सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी असे वेगवेगळे अभ्यासक्रम तेथे शिकविले जातात. विशेषज्ञतेच्या या युगात ते अपरिहार्य आहे. परंतु ज्या माणसाने त्या भूमीवर या बहुतेक विद्या एकाच आयुष्यात हाताळल्या, त्याला आज कोणत्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला असता, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न चित्रपटापुरता नाही. दहावीच्या निकालानंतर आपण सोळा वर्षांच्या मुलाला विचारतो की, तू कला घेणार की विज्ञान? त्याचा हात कुंचल्यावर आणि पान्यावर सारखाच चालत असेल, तर आपल्याजवळ त्याला उत्तर नसते. त्याहून मोठी उणीव ही की, दुसऱ्याबरोबर काम करण्याची विद्या आपण कोठेच शिकवीत नाही. शाळेतील प्रकल्पावर चार मुलांची नावे असतात आणि काम एक करतो, किंवा चौघांचे पालक करतात. कार्यालयात टिपण एकाचे असते, त्यावर सही दुसऱ्याची होते आणि शाबासकी तिसऱ्याकडे जाते. श्रेय लुबाडले जाते म्हणून प्रत्येकजण आपला वाटा जपून ठेवतो, आणि वाटा जपण्याच्या नादात एकत्र काम करण्याची हिंमत हरवून बसतो. कनिष्ठ माणसाचे श्रेय वरिष्ठाने गिळणे वेगळे आणि दोन समान माणसांनी आपखुशीने ते एकत्र ठेवणे वेगळे, हा भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. पहिला अन्याय आहे आणि त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे. दुसऱ्याला परस्परांविषयी खात्री लागते. दामले आणि फत्तेलाल यांचे जोडनाव हे दुसऱ्या प्रकारातले होते. त्यात कोणी कोणाच्या मागे दडले नाही.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना या चरित्रातून घेण्यासारखे काही असेल, तर ते हेच. अनेक कलांत गती असणे ही ईश्वरी देणगी म्हणून आपण दुरून नमस्कार करतो. दामल्यांच्या बाबतीत ती देणगी सोबतीतून वाढलेली दिसते. गुरूच्या कारखान्यात यंत्र उलगडण्याची मुभा मिळाली म्हणून चित्रकाराचा यंत्रज्ञ झाला. नेपथ्य सांभाळणारा भरवशाचा सोबती होता म्हणून त्याला आवाजाच्या मागे लागता आले. एक कला सोडून दुसरीकडे जाताना पहिलीचे काय होईल, ही धास्ती त्याला नव्हती, कारण ती दुसऱ्याच्या हाती सुखरूप होती. असा सोबती मिळणे भाग्याचे खरे. परंतु आपण कोणाचा तरी असा सोबती होणे, हे भाग्यावर अवलंबून नाही.

अलोरे येथील त्या पांढऱ्या पडद्यासमोर बसलेल्या मुलांपैकी काहींचे वडील यंत्रावर होते, काहींचे मापनवह्या भरणारे कारकून, तर काहींचे बोगद्यात राबलेले मजूर होते. वसाहतीत लागणाऱ्या दिव्यात आपला उजेड कोणता, हे त्यांच्यापैकी कोणी सांगू शकला नसता आणि कोणाला तशी गरजही वाटली नव्हती. चित्रकलेचे गुरुजी आम्हाला हेच सांगत होते. ते समजावयास निम्मे आयुष्य जावे लागले, हा दोष त्यांचा नव्हे.